तैलचित्र साफ करायचंय: सॉल्व्हंटचा बोळा घ्यावा की ॲगरचं जेल?

दोन्ही मी वापरलंय, बोळा (काडीला गुंडाळून सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, बुडवलेला कापूस) पंधराएक वर्षं आणि ॲगर (समुद्रशैवालापासून होणारी जेली) गेली चार, त्यामुळे ज्याला आता ठरवायचंय त्याच्यासाठी लिहितोय. बोळा कसा वळायचा, टेस्ट कुठे घ्यायची वगैरे तुम्हाला येतं असं धरतो.

बोळ्याचं एक मान्यच करायला पाहिजे, हातात कंट्रोल राहतो. दोन-तीन वेळा फिरवला की उचलून बघायचं, कापसावर पिवळं आलं तर व्हार्निश (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर), रंग दिसला तर तिथेच थांबायचं. जेलखाली काय चाललंय ते उचलेपर्यंत कळत नाही. आणि डामर व्हार्निश (झाडाच्या राळेचं) तपकिरी पडलंय, तेच उतरवायचंय, तर मी आजही बोळाच घेतो, कारण ॲगर पाणी धरून ठेवतं, व्हार्निश विरघळवणं हे त्याचं काम नव्हे.

पण आपल्या घरांतल्या चित्रांवर पहिला थर व्हार्निशचा नसतोच ना. साठ-सत्तर वर्षं देवघराशेजारी टांगलेलं, त्यावर समईची काजळी, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातून येणारी फोडणीची वाफ, आणि त्या चिकटपणावर बसलेली धूळ. हा मळ नुसत्या सॉल्व्हंटला फारशी दाद देत नाही, त्याला पाणीच लागतं, त्यात 1-2 टक्के ट्रायअमोनियम सायट्रेट (मळ सोडवणारा एक क्षार) असलं तर उत्तम. आणि पाणी म्हटलं की कॅनव्हासची भीती, कारण खाली सरसाचा थर आहे, तो फुगला आणि कापड आक्रसलं की रंगाचे पापुद्रे सुटतात. ॲगर इथेच कामाला येतं. ते पाणी एकदम सोडत नाही, हळूहळू देतं आणि मळ स्वतःत ओढून घेतं.

गेल्या वर्षी एक पोर्ट्रेट आलं होतं, 1930 च्या आसपासचं, नऊवारीतल्या बाई, नाकात नथ. नथीचे मोती पेंटरने जाड पांढऱ्या रंगाचे ठिपके टाकून उभे केलेले. बोळा फिरवला की कापसाचे तंतू त्या ठिपक्यांना अडकायचे, मग चिमट्याने एकेक काढत बसा, आणि काजळी मात्र ठिपक्याच्या मुळाशी तशीच. शेवटी ॲगर साधारण 40 डिग्रीपर्यंत निवू दिलं आणि घट्ट व्हायच्या आत ब्रशने त्यावर सोडलं. पाच मिनिटांनी चकती उचलली तर तिच्या पोटाला सातही मोत्यांचे करडे ठसे, आणि चित्रात मोती पांढरे. मी ती चकती बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

तरीसुद्धा तेवढ्यासाठी मी सवय बदलली नसती कदाचित. माझं ठरलं ते बरणीमुळे. एका मध्यम पोर्ट्रेटला माझे दोन-अडीचशे बोळे सहज जातात, त्यात ॲसिटोन, व्हाइट स्पिरिट, कधी झायलीन, ते सगळे काचेच्या झाकणबंद बरणीत. चित्र घरी जातं, बरणी माझ्याकडे राहते. आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताई सगळं हाताने वेगळं करतात, त्यांच्या हातात हे कसं देणार? ओतून द्यायचा तर प्रश्नच नाही. दोन-तीन ठिकाणी विचारलं, एवढ्याशा मालासाठी कोणी येत नाही. उन्हाळ्यात बरणीचं झाकण सैल केलं की वासाने डोकं धरतं. एक बरणी, मग दुसरी, अशा पाच झाल्या तेव्हा मला ते सहन होईना. एक चित्र वाचवायचं आणि त्याचं विष दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला द्यायचं, हे पटत नाही हो.

ॲगरच्या चकत्या वाळवल्या की पापडाएवढ्या पातळ होतात, वर्षभराच्या एका डब्यात मावतात. (कुंडीत टाकू नका मात्र, जुन्या रंगात लेड व्हाइट, म्हणजे शिशाचा विषारी पांढरा रंग, असतो.) माल इथलाच, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या समुद्रशैवालाचा, तोही साठा अमर्याद नाही म्हणून वाया घालवत नाही. वाण्याकडचं चायना ग्रास मात्र नको, पिवळट असतं, लॅब ग्रेडचं घ्या.

त्रास आहेतच. पावसाळ्यात केलेलं जेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरतं, त्यामुळे रोज ताजं करावं लागतं. भेगांत जेलचे कण राहतात, म्हणून चित्र आणि जेलच्या मधे जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) घालतो आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याचा ओलसर बोळा फिरवतोच. पापुद्रे सुटलेलं चित्र असेल तर आधी ते बसवून घ्या, ॲगर नंतर.

फ्लॉरेन्सच्या सीएसजीआय या संशोधन संस्थेची पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) जेल्सही आहेत, व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम कलेक्शन या म्युझियममधलं अमेरिकन चित्रकार पोलॉकचं चित्र त्या जेल्सनी साफ केलंय, लवचिक असतात, टेक्स्चरवर छान बसतात. पण मागवायची बाहेरून, एका घरगुती पोर्ट्रेटसाठी मला तरी परवडत नाहीत.

तुमचं चित्र मुख्यतः व्हार्निशने काळवंडलं असेल तर बोळा, त्यात वाद नाही. काजळी-धूळ असेल तर मी म्हणेन 3 टक्के ॲगरने सुरुवात करा, एकदा उकळून निववा, परत उकळा म्हणजे एकसारखं होतं, आणि पहिली चकती फ्रेमखाली झाकलेल्या कडेवर दोनच मिनिटं ठेवा.