अलास्काच्या क्रूझवर सुईट घेताय? पुढे, मध्ये की मागे

अलास्काच्या क्रूझवर सुईट घ्यायचं ठरलं की घरातली चर्चा खोली किती मोठी आणि पैसे किती, एवढ्यावरच फिरत राहते. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा अमेरिकेत आलेले असतात, त्यांना एकदा तरी निवांत प्रवास घडवावा असं मनात असतं, आणि बुकिंगच्या पानावर एकाच नावाचे, जवळपास एकाच किमतीचे दहा-बारा सुईट दिसत असतात. त्यातला एक जहाजाच्या पुढच्या टोकाला, एक मधोमध, एक अगदी मागे. मी तिन्ही ठिकाणी राहिले आहे. पुढे सासू-सासऱ्यांबरोबर, मध्ये आई-बाबांबरोबर आणि मागे आम्ही दोघंच. तिन्ही वेळा सिअॅटलहून सात रात्रींची फेरी. खोल्या साधारण सारख्याच होत्या, पण तिन्ही प्रवास एकमेकांशी ताडून पाहिले तर फरक फार मोठा आहे.

पहिली रात्र

सिअॅटलहून निघणारी जहाजं बहुतेक वेळा कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हर शहरातून निघणारी जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात आणि त्यांना उघडा समुद्र बराच कमी लागतो. त्यामुळे तुमचं जहाज सिअॅटलचं असेल, तर सुईट कुठे आहे याचा हिशेब पहिल्या रात्रीपासूनच सुरू होतो.

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला खड्डा कसा जाणवतो आणि मधल्या बाकावरच्याला कसा, हे आपल्याला सांगायला नको. जहाजाचंही तसंच आहे, फक्त तिथे मागच्या टोकासारखंच पुढचं टोकही उसळतं. लाट समोरून आली की नाक वर जातं, मग खाली येतं, आणि मधला भाग त्यामानाने जागच्या जागी राहतो. बाजूने लाट आली की जहाज डावी-उजवीकडे झुलतं, आणि जितके वरच्या मजल्यावर असाल तितका तो झोका मोठा. हे आडवं झुलणं कमी करायला जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात आणि ते चांगलं काम करतात. नाकाचं वर-खाली होणं मात्र त्यांच्याने फारसं थांबत नाही. सुईट बहुतेक वरच्या मजल्यांवरच असतात. म्हणजे ‘वर आणि पुढे’ हे ऐकायला सगळ्यात रुबाबदार ठिकाण हेलकाव्यांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

सासूबाईंना त्या रात्री बोट लागली. दुसरा अख्खा दिवस त्या एवढ्या मोठ्या खोलीत पडून होत्या, उशाशी आलेपाकाच्या वड्या, आणि बाहेरची बाल्कनी रिकामी. तो दिवस मला अजून टोचतो, कारण त्यांच्यासाठीच मी सगळ्यात भारीतली जागा निवडली होती. पुढच्या वर्षी आई-बाबांना मधल्या सुईटमध्ये ठेवलं. समुद्र तितकाच खवळलेला होता. आईने सकाळी विचारलं, आपण निघालो ना रात्री?

मागच्या बाजूला हेलकावे पुढच्यापेक्षा थोडे सुसह्य वाटले, पण तिथे थरथर असते. हल्लीच्या बऱ्याच जहाजांत जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याची मोटर जहाजाच्या बुडाबाहेर, पाण्यात टांगलेल्या फिरत्या कोषात असते, त्यामुळे संथ चालीत फारसं काही जाणवत नाही. बंदराला लागताना आणि वळताना मात्र टेबलावरचा ग्लास किणकिणतो. जुन्या जहाजांत हे जास्त.

हिमनदीसमोर

ज्यासाठी एवढे पैसे मोजायचे तो दिवस म्हणजे ग्लेशियर बे. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, आणि उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात. आत बऱ्याच अंतरावर मार्जरी हिमनदी आहे, जवळपास दीड किलोमीटर रुंद, थेट समुद्रात उतरणारी. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो तेव्हा आधी दिसतं आणि आवाज मागाहून येतो.

पुढचा सुईट घेणाऱ्यांना हा क्षण सगळ्यात आधी आणि समोरून दिसेल असं वाटतं. दिसतोही. पण तिथे तीन अडचणी आहेत. जहाज २० नॉटने चाललं तरी ताशी ३७ किलोमीटरचा वारा समोरून अंगावर येतो. खाडीत वेग कमी असतो, पण इतर दिवशी पुढच्या बाल्कनीचं दार उघडणंही जड जातं. दुसरं, समोर तोंड असलेल्या बाल्कन्यांचा कठडा काही जहाजांवर काचेचा नसून भरीव पोलादाचा असतो, म्हणजे खुर्चीत बसलं की समोर पोलाद. उभं राहूनच बघायचं. तिसरं, जहाज चालवण्याची खोली जवळच असते, आणि खोलीतल्या उजेडाने त्यांच्या नजरेला त्रास होतो म्हणून अंधार पडल्यावर पडदे ओढून घ्यायला सांगतात.

शिवाय पुढचं दृश्य विकत घ्यावंच लागतं असं नाही. अलास्कात जाणाऱ्या कित्येक जहाजांवर पुढच्या टोकाला सगळ्यांसाठी काचेच्या भिंतींची मोठी बैठकीची खोली असते. नॉर्वेजियन कंपनीच्या ‘ब्लिस’ जहाजावर ती १५ व्या डेकवर, म्हणजे मजल्यावर आहे. लवकर जाऊन खुर्ची धरली की झालं.

मागच्या सुईटची बाल्कनी हे त्या दिवशीचं खरं सुख. वारा जहाजाच्या अंगाआड अडतो, दोन्ही किनारे एकदम दिसतात, आणि मागे पाण्यात उमटलेली लांबच लांब पांढरी वाट. उन्हाळ्यातही तिथे तापमान १०-१५ अंशांच्या आसपास असतं, पण आम्ही शाली गुंडाळून, चहाचे मग हातात धरून दोन तास न बोलता बसलो होतो. इतकी शांतता मला दुसऱ्या कुठल्या प्रवासात मिळालेली नाही. कोपऱ्यातला सुईट मिळाला तर बाल्कनी दोन बाजूंनी वळते, मग विचारूच नका. एक बघून घ्या: काही जहाजांवर मागच्या बाल्कन्या पायऱ्यांसारख्या असतात आणि वरच्यांना खालचं सगळं दिसतं. काही वेळा धुराड्याची काजळीही खुर्च्यांवर बसते.

मधल्या सुईटला एकच बाजू दिसते, हे खरं. पण मार्जरीसमोर जहाज थांबून हळूहळू गोल फिरतं, दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ मिळतो. बाबा गादीवर मांडी घालून हिमनदी बघत होते.

डोक्यावर काय आहे

पुढे, मध्ये, मागे हे ठरवल्यावरही एक चूक राहून जाते, आणि ती मी स्वतः केली. जहाजाचा नकाशा बघताना आपण आपला मजला बघतो. वरचा आणि खालचा बघत नाही. एका फेरीत आमच्या सुईटच्या बरोब्बर वर पोहण्याच्या तलावाचा डेक होता. पहाटे साडेपाचपासून कर्मचारी आरामखुर्च्या ओढत होते. जूनमध्ये अलास्काची राजधानी ज्युनोच्या आसपास चारच्या सुमारास उजाडतं आणि रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही, म्हणजे झोप आधीच तोकडी, त्यात हे. तक्रार केली, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण बदलून द्यायला दुसरी खोलीच शिल्लक नव्हती.

म्हणून तीन मजल्यांचे नकाशे शेजारी-शेजारी उघडा. वर खोल्या, खाली खोल्या, अशी मधली जागा सगळ्यात शांत. वर तलाव, व्यायामशाळा किंवा बुफे नको. खाली नाट्यगृह किंवा नाचाचा क्लब नको. नाट्यगृह बहुतेक पुढे असतं, म्हणजे हाही पुढच्या टोकाचाच तोटा. मागे वरच्या बाजूला उघडं उपाहारगृह आहे का ते पाहा. नकाशावर काहीच न लिहिलेली पांढरी जागा दिसली तर तिला मोकळी समजू नका. तिथे अनेकदा कर्मचाऱ्यांची कोठारं, भांडीघर असं काहीतरी असतं आणि रात्रीबेरात्री ढकलगाड्या फिरतात. दोन खोल्यांना जोडणारं दार मध्ये असेल तर शेजारचं बोलणं ऐकू येतं; शेजारी आपलीच माणसं असतील तर तेच दार वरदान.

आणि ‘गॅरंटी’ नावाने स्वस्त मिळणारा सुईट, ज्यात खोलीचा नंबर कंपनी ठरवते, तो ज्येष्ठांसाठी घेऊच नका.

पावलं

ही जहाजं ३०० मीटरच्या आसपास लांब असतात. भोजनगृह बऱ्याचदा मागे, नाट्यगृह पुढे. पुढच्या सुईटमधून जेवायला आणि मागच्यातून कार्यक्रमाला जाताना जवळजवळ अख्खं जहाज चालावं लागतं, तेही दिवसातून दोन-तीनदा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे तिसऱ्या दिवशी नकोसं होतं. मधल्या सुईटला दोन्हीकडे निम्मं अंतर. फक्त लिफ्टला अगदी चिकटून नको, चार-पाच दारं सोडून.

याला अपवाद म्हणजे कुलूपबंद स्वतंत्र विभागातले सुईट, ज्यांचं उपाहारगृह आणि बैठक तिथेच असते. नॉर्वेजियनचा ‘हेवन’ ब्लिसवर पुढे वरच्या मजल्यांवर आहे, तर त्यांच्याच २०२२ च्या ‘प्रायमा’ जहाजावर मागे. दोन्ही परवडत असतील तर मी डोळे मिटून मागचा घेईन.

डावी की उजवी? सिअॅटलहून सिअॅटल अशा फेरीत फार डोकं लावू नका, जाताना किनारा उजवीकडे, येताना डावीकडे. व्हँकुव्हरहून उत्तरेला एकाच दिशेने जाणार असाल तर उजवी बाजू घ्या. आपल्या मुंबई-गोवा क्रूझला मात्र याचा उपयोग होतो: जाताना सूर्यास्त उजव्या बाल्कनीतून, परतीला डावीकडून. कोकण किनाऱ्याच्या आशेने उलट बाजू घेऊ नका, तो प्रवास मुख्यतः रात्रीचाच.

तर माझं मत असं. आई-बाबा, सासू-सासरे किंवा कुणालाही गाडी लागत असेल तर मधला सुईट, तलावाच्या डेकपासून निदान दोन मजले खाली. दोघंच असाल, पाय धड असतील आणि बाल्कनीत बसायला आवडत असेल तर मागचा कोपरा, आणि तो वर्षभर आधी बुक करावा लागला तरी करा, कारण ते मोजकेच असतात. पुढचा सुईट व्हँकुव्हरहून निघणाऱ्या जहाजावर आणि बराच स्वस्त मिळत असेल तरच. मधले सगळे सुईट संपले असतील, तर ज्येष्ठांसाठी मी पुढचा सुईट सोडून मधली साधी बाल्कनीची खोली घेईन. सासूबाईंना पुढच्या जूनमध्ये पुन्हा नेतेय, तेव्हा तशीच घेतली आहे.