बाळाचे फोटो घरीच काढायचेत: खिडकीचा उजेड घ्यावा की छत्रीतला फ्लॅश?

दहा बाय दहाची खोली, त्यात दिवाण आणि कपाट. सगळं भिंतीला सरकवलं की जमिनीवर सहा बाय सात फूट मोकळी होते. बेळगाव-खानापूरकडच्या बहुतेक घरांत बाळाच्या फोटोसाठी एवढीच जागा मिळते, आणि ती पुरते. हातभर बाळाला हवा असतो तो एका बाजूने येणारा मोठा, मऊ उजेड. तो खिडकीतून घ्यायचा की उजेड पसरवणारी फोटोग्राफीची छत्री लावलेल्या एका फ्लॅशमधून, एवढंच ठरवायचं असतं.

तिसरा पर्याय एलईडी दिव्यांचा. नवजात बाळासाठी मी तो बाजूलाच ठेवतो. दिवा सतत डोळ्यांवर येतो, बाळ कपाळाला आठ्या घालतं, आणि स्वस्त दिव्यांची लुकलुक शटरचा वेग वाढवला की फोटोत आडव्या पट्ट्यांसारखी दिसते. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवलं तर पट्ट्या जातात, पण तेवढ्यात बाळाची मूठ हलते.

खिडकीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. खर्च नाही, पायात येणारा स्टँड नाही, आणि सावली कुठे पडतेय ते बटण दाबण्याआधीच दिसतं. उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली. पूर्वेची असेल तर ऊन सरकेपर्यंत थांबावं, नाहीतर पांढऱ्या धोतराची दुहेरी घडी गजांना बांधावी. गादी खिडकीपासून दोन-अडीच फुटांवर हवी. खिडकीची खालची कड जमिनीपासून तीन फूट उंच असेल तर उजेड जमिनीवरच्या बाळाच्या वरून निघून जातो. तेव्हा गादी दिवाणावर घ्यावी आणि एका मोठ्या माणसाने बाळाजवळून हात काढू नये. बाळाचं डोकं खिडकीकडे, पण किंचित तिरपं. उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरला पाहिजे, नाकाची सावली ओठाकडे पडली पाहिजे. पाय खिडकीकडे झाले की उजेड खालून वर चढतो, नाकपुड्या उजळतात आणि गोंडस चेहराही भेसूर दिसतो. दुसऱ्या बाजूला फूट-दीड फुटावर थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला की गालावरची सावली हलकी होते.

एवढं असूनही माझं मत फ्लॅशकडे झुकतं, ते एकाच त्रासामुळे: वारा. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांत खिडक्यांना काचा नसतात, लाकडी झडपा असतात. उघडल्या तर उजेडाबरोबर वारा येतो, मिटल्या तर अंधार होतो. बाळंतिणीच्या खोलीची झडप उघडू न देणारी आजी अगदी बरोबर असते. दुपट्यातून काढलेलं दहा-बारा दिवसांचं बाळ वाऱ्याला दोन मिनिटांत गारठतं. ते आधी मुठी आवळतं, मग पाय पोटाशी ओढतं, मग हातापायांवर निळसर-जांभळी जाळी उमटते. ही जाळी फोटोत स्पष्ट येते आणि नंतर कॉम्प्युटरवर नीट पुसता येत नाही. रडणं त्याच्या पाठोपाठ येतंच. जून ते सप्टेंबर जांबोटी-खानापूर पट्ट्यात वाऱ्याबरोबर पाऊसही आत येतो, आणि ढगांमुळे एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जाईपर्यंत उजेड निम्म्यावर येतो. भिंती जाड मातीच्या असतील तर खिडकी लहान आणि खोल असते. तिच्यातून येणारा उजेड अरुंद पडतो, मऊ राहत नाही.

फ्लॅशला झडपा मिटलेल्या चालतात. तीन फूट व्यासाची छत्री बाळापासून तीन फुटांवर, डोक्याच्या बाजूला, तिरपी आणि बाळाच्या वर. अंतर छत्रीच्या व्यासाएवढंच ठेवावं; छत्री लांब गेली की उजेड कडक होतो. सुरुवात शटर 1/160, एफ 5.6 (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 200 आणि फ्लॅश 1/16 ताकदीवर करावी. शटर 1/200 च्या पुढे नेलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. एफ 5.6 चा फायदा असा की पापणी आणि नाकाचं टोक दोन्ही रेखीव येतात. खिडकीच्या अपुऱ्या उजेडात एफ 2 वर गेलं की नाक स्पष्ट आणि पापण्या पुसट अशी गत होते. क्रॉप म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला 50 मिमी लेन्स असेल तर दीड मीटर मागे सरकून पूर्ण बाळ बसतं. तेवढी जागा नसेल तर 35 मिमी. वरून टिपताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच.

पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढावा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. तसा आला म्हणजे ट्यूबलाइटचा हिरवट रंग मिसळत नाही. काळा नाही आला तर ट्यूब विझवावी.

फ्लॅशचं दुखणं वेगळं आहे, आणि ते लहान खोलीत जास्त जाणवतं: भिंतींचा रंग. हिरवा, गुलाबी, आकाशी डिस्टेंपर आपल्याकडे घरोघर असतो. पांढरी आरपार छत्री निम्मा उजेड मागे फेकते, तो हिरव्या भिंतीवर आपटून परत येतो आणि बाळाचा सावलीतला गाल हिरवट होतो. व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीने) हे सुटत नाही, कारण उजळ गाल बरोबर असतो आणि सावलीतलाच चुकलेला असतो; एक दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. उपाय सोपा आहे. काळ्या पाठीची, उजेड परतवणारी छत्री घ्यावी आणि समोरच्या भिंतीवर पांढरी चादर टांगावी. पार्श्वभूमी गडद हवी असेल तर काळं कापड. आजीच्या इरकलीत बाळ गुंडाळायचं असेल तर तांबडा पदर हनुवटीला लावू नये, पोटाच्या खाली घ्यावा, नाहीतर गळा लालभडक दिसतो.

तेल हा फ्लॅशचा दुसरा शत्रू. मालिशनंतर कपाळ, नाक आणि गालाच्या उंचवट्यावर पांढरे ठिपके चमकतात. आंघोळीनंतर तासाभराने मऊ सुती कापडाने चेहरा हलक्या हाताने टिपावा, पावडर लावू नये. तीट राहू द्यावी.

छत्री कलंडू नये म्हणून स्टँडच्या पायावर दोन-तीन किलो जोंधळ्याची पिशवी ठेवावी आणि पाय दिवाणाला दोरीने बांधावा. पंखा बंद: बुटक्या छताखाली छत्रीची कड पात्याला लागते, शिवाय वाऱ्याचा प्रश्न परत येतो. खोली आधी तापवून घ्यावी. तुम्हाला थोडा घाम फुटेल एवढी ऊब बाळाला ठीक असते. मात्र झडपा बंद असताना निखाऱ्यांची शेगडी खोलीत अजिबात नको. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो, आणि त्याला वास नसतो. शेगडी बाहेर, विजेचा हीटर पाच फुटांवर, तोंड बाळाकडे नाही.

डोळ्यांचं विचारलं जातंच. छत्रीतून पसरलेल्या साध्या फ्लॅशने बाळाचे डोळे बिघडतात असा पुरावा नाही. गाढ झोपेतलं बाळ प्रकाशाला सहसा दचकत नाही, आवाजाला दचकतं. म्हणून कॅमेऱ्याचा आणि फ्लॅशचा बीप बंद करावा. दूध पिऊन, ढेकर काढून झोपल्यावर वीस मिनिटांनी हात अलगद उचलून सोडावा. तो सैल खाली पडला तर सुरुवात करावी. हनुवटीखाली हात, झोळीत लटकणं असले प्रकार घरी करू नयेत. स्टुडिओत ते कुणीतरी बाळाला धरून, दोन फोटो जोडून करतात.

वीज गेली तरी फ्लॅशला चार सेल पुरतात, ही पावसाळ्यात मोठी सोय आहे. चार्ज केलेले आणखी चार जवळ ठेवावेत.

आता घर कुठलं, यावरही थोडं ठरेल. अथणी-चिकोडीकडे पाऊस कमी, आभाळ बहुतेक मोकळं, आणि नव्या स्लॅबच्या घरात सरकत्या काचांची खिडकी असेल, तर वाऱ्याची अडचणच उरत नाही; तिथे खिडकी घ्यायला माझी हरकत नाही. खानापूर, लोंढा, शहापूर-वडगावची जुनी घरं, आणि बारसं श्रावणात असेल, तर मी फ्लॅशच घेईन.

हातात फक्त मोबाईल असेल तर छत्रीतला फ्लॅश त्याच्याशी जुळणं अवघड, मग खिडकीच. त्या वेळी झडप अर्धीच उघडावी, उघड्या अर्ध्या भागावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने ताणून लावावं, आणि वरून धोतर. वारा बाहेर राहतो, उजेड आत येतो. मोबाईलचा स्वतःचा फ्लॅश बंद, झूम न करता जवळ जाऊन, फोकस बाळाच्या जवळच्या पापणीवर बोट ठेवून.