एक मिनिटाची वाचन चाचणी (सीबीएम): तीन वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

मी स्पेशल एज्युकेटर आहे, वाचनात मागे राहिलेली मुलं माझ्याकडे येतात. सीबीएम म्हणजे करिक्युलम बेस्ड मेजरमेंट (मूल मिनिटाला किती शब्द बरोबर वाचतं हे नेमाने मोजायची पद्धत) मी तीन वर्षं वापरतेय आणि याबद्दल मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आधी हे आलं कुठून ते सांगते, कारण ते कळल्यावरच मला याची किंमत कळली. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, करणं बंधनकारक झालं. आता आराखड्यात उद्दिष्ट लिहायचं तर ते गाठलं की नाही हे मोजायचं कसं? मिनेसोटा विद्यापीठातले स्टॅनली डेनो याच प्रश्नाच्या मागे लागले. १९७७ मध्ये फिलिस मर्किन यांच्यासोबत शिक्षकांसाठी मॅन्युअल काढलं, १९८५ मध्ये सीबीएमवरचा तो गाजलेला लेख लिहिला, आणि पुढे अख्खी कारकीर्द जवळपास या एकाच गोष्टीला दिली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. मुलात काय कमी आहे हे शोधणाऱ्या टेस्ट तेव्हाही ढिगाने होत्या, यांनी विचारलं की शिक्षक जे शिकवतायत ते या मुलाला लागू पडतंय का, आणि ते वर्ष संपायच्या आत कळेल का.

वापरायला अगदी सोपं आहे. मुलाच्या पातळीचा, त्याने आधी न वाचलेला उतारा द्यायचा, एक मिनिट मोठ्याने वाचून घ्यायचा, आपल्या कॉपीवर चुकलेल्या शब्दावर काट मारायची, आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, तोच त्याचा आकडा. अडखळला तर मनात तीन सेकंद मोजायचे, मग शब्द सांगून टाकायचा आणि ती चूक धरायची. तीन सेकंदांच्या आत स्वतःच सुधारलं तर बरोबर. पहिल्या वेळी तीन उतारे घेऊन मधला आकडा धरतात, तिथून उद्दिष्टापर्यंत ग्राफवर रेघ ओढायची आणि दर आठवड्याला एक ठिपका. लागोपाठ चार ठिपके रेघेखाली गेले की शिकवण्याची पद्धत बदलायची, बस्स.

हा चार ठिपक्यांचा नियम सुरुवातीला माझ्या मनाला खूप लागला, खरंच सांगते. तिसरीतला एक मुलगा होता, मिनिटाला २२ शब्द, बारा आठवड्यांत ४० चं उद्दिष्ट ठेवलं, म्हणजे आठवड्याला दीड शब्द. पहिले चार ठिपके आले २३, २२, २४, २३. मी रोज त्याच्याकडून तोच उतारा परत परत वाचून घेत होते, मेहनत भरपूर चालली होती आणि ग्राफ सांगत होता की उपयोग शून्य. मग त्याच्या चुका काढून बसले तर काट मारलेले बहुतेक शब्द जोडाक्षरांचे, 'रस्ता', 'पुस्तक', 'प्रश्न', तिथे थांबायचा आणि पुढची सगळी ओळ विस्कटायची. रोज दहा मिनिटं फक्त जोडाक्षरं घेतली. सहाव्या आठवड्यात २७, आठव्यात ३३, बाराव्यात ३८. चाळीसला नाही पोचला. पण नवव्या आठवड्यात त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि आपला ठिपका आपणच दिला, तेव्हापासून ग्राफ त्याच्याच वहीत असतो. डेनो, मर्किन आणि लिन फुक्स यांचा १९८४ चा न्यूयॉर्कमधला अभ्यास आहे, त्यातही असं वारंवार मोजणाऱ्या शिक्षकांची मुलं जास्त शिकली आणि आपण कुठे आहोत हेही त्यांना जास्त कळत होतं. ते वाचताना मला ही पेन्सिलच आठवली.

आता जे पटलं नाही ते. एका आठवड्याचा आकडा बघून काहीही ठरवू नका, उतारा जरा अवघड निघाला की पाच-सात शब्द सहज खाली जातात. मी मध्यंतरी एक अ‍ॅप घेतलं होतं (नाव नको), त्यातले उतारे एकाच इयत्तेचे म्हणून दिलेले पण एक अगदी बाळबोध आणि दुसरा वर्तमानपत्रातल्यासारखा, ग्राफ नुसता वरखाली, आई-बाबा घाबरले ते वेगळंच, शेवटी बंद केलं. दुसरं म्हणजे मुलं पळायला लागतात. घड्याळ दिसलं की धडाधड वाचतात, अर्थ कळला का विचारलं तर गप्प. म्हणून मी 'शर्यत नाही, छान वाच' असं दर वेळी सांगते आणि नंतर गोष्ट सांगायला लावते. आणि ही चाचणी डिस्लेक्सियाचं निदान करत नाही, त्यासाठी सायकॉलॉजिस्टकडचं पूर्ण असेसमेंटच लागतं, या दोन गोष्टींची गल्लत पालकच काय शिक्षकही करतात.

सगळ्यात महत्त्वाचं, इंग्रजीचे तक्ते मराठीला लावू नका. हॅसब्रुक आणि टिंडल यांचा २०१७ चा तक्ता प्रसिद्ध आहे, दुसरीतल्या मुलांना वाचनाच्या वेगानुसार रांगेत लावलं तर बरोबर मधोमध येणाऱ्या मुलाचे वर्षाअखेर मिनिटाला १०० शब्द, पण ते इंग्रजी उताऱ्यांवरचं आहे. आपल्याकडे 'घराजवळच्या' हा एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात, मग तुलना कशी करणार? मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या ठिपक्यांशी करा, तेवढ्यासाठी हे उत्तम चालतं.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो उताऱ्यांसाठी, कारण ते स्वतः लिहावे लागतात आणि एकसारखे अवघड ठेवणं हे खरं कष्टाचं काम आहे. दुसरी-तिसरीचे माझे तयार झालेत, चौथीचे लिहायला घेतलेत.