परदेशातलं बाळंतपण, सांगलीची पुस्तकं

सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांत चालणारं हे प्रकाशन एकाच जातीची पुस्तकं काढतं: परदेशात मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांच्या आठवणी. लिहिणारे तिकडचे, पण खरा गिऱ्हाईक इथला. लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू बांधून निघालेली सांगली-मिरज-तासगावची जोडपी. त्यांनी इथल्या पाच पुस्तकांतली तीन तरी घ्यावीत.

सर्वांत उजवं नेदरलँड्सचं. तिथे बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस प्रशिक्षित बाई घरी येते. बाळाचं वजन, ताप, आईचे टाके बघते, अंगावर पाजायला शिकवते. याला ‘क्राम्झोर्ख’ म्हणतात आणि त्याची नोंदणी गरोदरपणातच करावी लागते. आजी आणि ही बाई एकाच स्वयंपाकघरात आल्या की काय होतं, ते प्रकरण फार चांगलं उतरलंय. गुटीबरोबर मध चाटवण्यावरून खटका उडतो. लेखिका नुसतं ‘डॉक्टर नको म्हणाले’ असं लिहून सुटत नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष करतात, हे ती नीट सांगते. गोधडीचंही तसंच: बाळ पाठीवर, अंथरूण घट्ट, पाळण्यात सुटं पांघरूण नाही. आणि भेटायला येणाऱ्यांना टोस्टवर साखर चढवलेले अनिसचे दाणे देतात, बडीशेपेच्याच चवीचे. आपली बाळंतशेपा आठवल्याशिवाय राहत नाही.

मागे जोडलेलं कोष्टक कामाचं आहे. शेंगेन व्हिसावर, म्हणजे नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसावर, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, म्हणून प्रसूतीच्या तारखेआधी महिनाभर जाऊन बसलात तर नंतरचे दोनच महिने उरतात.

ऑस्ट्रेलियाच्या पुस्तकात सामानावर अख्खं प्रकरण आहे. अळीव, खारीक, तूप, लाडू, काहीही नेलंत तरी उतरतानाच्या कार्डावर लिहायचं. लिहिलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड. ओव्याची धुरी दिली आणि स्मोक अलार्म वाजला, हेही त्यातच. जर्मनीचं पुस्तक बारीक आहे, पण बाळाच्या तपासण्यांच्या पिवळ्या वहीचं पान न् पान समजावलंय.

अमेरिकेचं मात्र निम्मं पुस्तक दिवाळीच्या हुरहुरीत गेलंय. संपादकाने तिथे कात्री का चालवली नाही कळत नाही. त्यातलं एकच प्रकरण वाचा: व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत आय-94 वरच्या, म्हणजे तिथे उतरल्यावर होणाऱ्या प्रवेशनोंदीवरच्या, तारखेवर ठरते. जपानचं मुद्रितशोधन ढिलं. आई-बाळाच्या नोंदवहीचं नाव तीन पानांत तीन तऱ्हांनी छापलंय.

पाचही पुस्तकांत मुलांची नावं बदललेली आहेत, शाळा ओळखू येत नाही. हे शहाणपण मोठ्या प्रकाशनांतही कमी दिसतं.

आता बांधणी. डेमी आकार, 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम) पिवळसर कागद, 224 पानं म्हणजे 16 पानी 14 फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे). एवढ्या जाडीला जुजबंदी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेली बांधणी, हवी होती. इथे नुसतं गरम डिंकाचं परफेक्ट बाइंडिंग आहे. पुस्तक उलटं मोडून धरलं की पाठीचा डिंक तडकतो आणि मधली पानं सुटतात. नव्या प्रतीत आधी पुढची दहा पानं, मग मागची दहा, असं दोन्हीकडून हळूहळू दाबत मध्यावर या, पाठ टिकते. जर्मनीच्या पुस्तकाला कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) पाठीला आडवा लागलाय, त्यामुळे पावसाळ्यात पानं लाटेसारखी फुगतात.

प्रत हातात आल्यावर दर 16 पानांनी आकडे सलग आहेत का बघा. फर्मा दोनदा लागलेला किंवा गळालेला असेल तर बदलून देतात, मात्र त्या पानाचा फोटो पाठवावा लागतो. दुकानात पुस्तकं मिळत नाहीत. फोनवर मागवायची, नाहीतर दुपारी चारनंतर स्वतः जायचं. निघायच्या आठवड्यात मागवू नका, पार्सल बांधायला माणूस एकच आहे.