जादूची अळी: सात महिने वापरल्यावर, मुख्यतः तिच्या नाकाबद्दल

परवा माझ्या जादूच्या अळीचा, म्हणजे नाकाला न दिसणारा दोरा लावून जिवंत असल्यासारखी चालवायच्या खेळण्याचा, दोरा पुन्हा तुटला. समोर सात पोरं मांडी घालून बसलेली, अळी पेल्यातून निम्मी वर आलेली, आणि तिथूनच ती सुटून आत पडली. एकही पोर हसलं नाही. सगळ्यात धाकट्याने विचारलं, "मेली का?" तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

मी डोंबिवलीत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दोरा कुठला, गाठ कशी, टाका कुठे सुटणार, हे रोजचंच काम. त्यामुळे या खेळण्यात मला जे खटकलं ते कदाचित इतरांना खटकणार नाही.

दिवाळीआधी लोकलच्या लेडीज डब्यात ३० रुपयांना हिरवी अळी घेतली. विकणाऱ्या बाईने ठाणे ते दिवा एवढ्या वेळात तिला बोटांमधून काढली, मनगटावरून नेली, शेपटीवरून हात फिरवून शांत केली. दोरा असणार हे मला ठाऊक होतं, तरी तो दिसला नाही. घरी आल्यावर मात्र तीन दिवस माझी अळी नुसती फरपटत होती. चूक माझी होती, आणि बहुतेक जण हीच चूक करत असणार: मी दोरा ओढत होते. दोरा ओढायचाच नसतो. त्याचं टोक आपल्या ड्रेसच्या पोटाजवळच्या बटणाला अडकवायचं, आणि अळीखालचा हात अंगापासून सावकाश लांब न्यायचा. अळी दोऱ्याने जागेवर धरलेली राहते, हात खालून सरकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं चालली अळीच. पेल्यातही तसंच. शेपटी आत, दोरा कडेवरून, आणि पेला पुढे न्यायचा. ती आपोआप मान वर काढते.

दुसरी गोष्ट, आपण स्वतः अळीकडे बघायचं. लहानपणी पुण्याला जादूगार रघुवीर यांचा प्रयोग पाहिला होता. त्यातलं काय काय होतं ते विसरले, पण ते जिथे बघत तिथेच आम्ही सगळे बघत होतो, हे पक्कं लक्षात आहे. मी बटणाकडे एकदा चोरून पाहिलं की पोरंही लगेच बटणाकडे बघतात.

आता नाक. डिसेंबरमध्ये ऑनलाइन सहा अळ्यांचं पाकीट मागवलं, १९९ रुपयांना. फोटोत अळी टेबलावर एकटीच डोकं वर करून चाललेली दाखवली होती. आत कागदाचा कपटासुद्धा नाही की दोरा कुठे अडकवायचा. दोघींचे दोरे पाकिटातच सुटलेले, बाकीच्यांचे दहा-पंधरा मिनिटांच्या खेळात निघाले. तक्रार केली तर उत्तर आलं, वापरलेली वस्तू परत घेत नाही. दोरा पाकिटातच सुटलेला असताना वापरली कधी म्हणायची? चार वेळा फोटो पाठवले. पैसे गेले ते गेलेच.

मग मी सुईने एकीचं नाक उसवलं. आत गाठच नाही! दोऱ्याचं टोक नाकात खुपसून वर गमाचा थेंब. सगळा भार, सगळा ताण जिथे येतो, तिथे एक टाकासुद्धा नाही. ब्लाउजचा हूक मी गमाने चिकटवून दिला तर कोणी पैसे देईल का? लहान मुलांच्या वस्तूत असं करायला कुणाचं मन कसं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा मी ओळखीत सगळ्यांना सांगत सुटले की ऑनलाइन घेऊ नका, लोकलमधलीच घ्या. हे मागे घेते. जानेवारीत गाडीतल्या हिरवीचंही नाक उसवून पाहिलं, आत तोच गम. माल एकच आहे. फरक एवढाच की डब्यातल्या बाईने मला खेळ दाखवला होता, आणि ३० रुपयांतले निम्मे मी तिच्या हातांचे धरते.

दुरुस्ती सोपी आहे. दहा नंबरची सुई घ्या, दोरा नाकातून आरपार काढून परत आणा, दोन गाठी मारा आणि वर बिनरंगी नेलपॉलिशचा बारीक थेंब द्या. झटपट चिकटणारा गम नको. तो दोऱ्यावर पसरतो, दोरा कडक होतो आणि तिथेच मोडतो.

दोऱ्यावर मात्र माझं मत दोनदा बदललं. आधी मण्यांच्या कामातला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा लावला. मजबूत, पण ट्यूबलाइटखाली चमकतो, आणि पुढच्या रांगेतल्या मुलीने सरळ बोट दाखवलं. मग स्कूटरवर घालतो त्या अंगाच्या रंगाच्या मोज्यातून नायलॉनचा एक तंतू उसवला. तो अजिबात दिसत नाही. महिनाभर मी याचंच कौतुक करत होते. पण नख लागलं की खलास.

शेवटी भाचीने वेणी घालताना कंगव्यात आलेला केस दिला. कमरेपर्यंत केस आहेत तिचे. नायलॉन येण्याआधी जादूगार केस आणि रेशीम वापरत, आणि आता कळतं का ते. केस काळा, छापील ड्रेसवर हरवून जातो, आणि दिसतो त्यापेक्षा पुष्कळ चिवट असतो. अळीचं वजन त्याच्यापुढे काहीच नाही. तोच केस मार्च-एप्रिल टिकला. परवा तुटला तो नाकात नव्हे, मध्यावर, स्टीलच्या पेल्याच्या धारदार कडेवर घासून. म्हणजे यावेळी माझी गाठ टिकली, हे मला सांगितलंच पाहिजे. आता गोल ओठाचा प्लास्टिकचा पेला आणला आहे.

एक कळकळीची सूचना. तान्ह्या बाळाच्या हाती ही अळी देऊ नका. केस किंवा दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते लवकर कळतही नाही. डोळेही नुसते चिकटवलेले असतात. तीन वर्षांखालच्यांनी लांबूनच बघावं.

सहापैकी चार मी नाक शिवून ब्लाउज न्यायला येणाऱ्यांच्या पोरांना दिल्या, प्रत्येकाला बटणाचं समजावून. त्यातला एक पोरगा आता माझ्यापेक्षा छान चालवतो, कोपरापर्यंत नेतो. धाकट्यालाही सांगितलं, मेली नाही, दमली होती. काल त्याच्यासमोर नव्या केसावर ती पेल्यातून पूर्ण बाहेर आली, तेव्हा त्याने तिला बिस्किटाचा तुकडा ठेवला.

पावसाळा अजून पाहायचा आहे. दमट हवेत केस लांबतो, तेव्हा गाठ सैल पडते का ते जुलैत कळेल. तेव्हा इथेच पुन्हा लिहीन.