सोब्रावच्या लढाईचं मॉडेल: धुळ्याच्या गणपती कारखान्यातलं काम

आमच्या अमळनेरच्या शाळेत इतिहासाच्या वर्गासाठी एक मॉडेल हवं होतं. धुळ्याला गणपतीच्या मूर्ती घडवणारे एक कारागीर सीझन संपला की असली कामं घेतात. त्यांना १० फेब्रुवारी १८४६ ची, पंजाबात सतलज नदीकाठी शीख आणि इंग्रज यांच्यात झालेली सोब्रावची लढाई सांगितली. चार बाय तीन फुटांचं प्लायवूड, त्यावर कागदाचा लगदा आणि माती. साडेसहा हजार रुपये पडले.

काम उत्तम आहे, आणि ते रंगामुळे नाही. सतलजच्या डाव्या तीरावर शिखांनी घोड्याच्या नालेच्या आकाराची तटबंदी उभारली होती, दोन्ही टोकं नदीला टेकलेली. पाठीशी पाणी आणि परतायला होड्यांचा एकच पूल. उजव्या अंगाला जमीन सैल वाळूची, तिथे तट उंच उठतच नव्हता. कारागिरांनी त्या जागी खरीखुरी वाळू चिकटवली आणि भिंत बोटभर ठेंगणी केली. इंग्रजांच्या तोफांचा दारूगोळा संपत आल्यावर त्यांचं पायदळ नेमकं इथेच का धडकलं, हे मुलांना माझ्याआधी कळलं.

पुलातली एक होडी सुटी काढता येते. ही सूचना माझी नव्हे. त्यांनी विचारलं होतं, "सर, पूल कसा तुटना?" मी सांगितलं की शिखांचा सेनापती तेजसिंग लढाई ऐन भरात असताना पूल ओलांडून निघून गेला आणि पूल त्यानंच मोडवला असं सांगतात. ऐकून त्यांनी ती होडी वेगळी केली. ती काढली की तटाच्या आत उरलेल्या माणसांचं काय झालं असेल, ते वेगळं शिकवावं लागत नाही. नदी चढलेली होती. आठ ते दहा हजार शीख मारले गेले किंवा बुडाले असा अंदाज आहे; ६७ तोफा गेल्या. पांढऱ्या कपड्यांत लढून पडलेले शीख सरदार शामसिंग अटारीवाला यांची छोटी मूर्ती तटावर आहे. तिच्या चेहऱ्यावर या माणसाने जी मेहनत घेतली आहे, तिला मोल नाही. शीख हरले ते शौर्य कमी पडलं म्हणून, असं कुणी म्हटलं की मी त्याला या मॉडेलपाशी आणून उभं करतो.

उणिवाही आहेत. पलीकडच्या तीरावरच्या शीख तोफा नुसत्या रंगवल्या आहेत, उठावदार हव्या होत्या. प्रमाणपट्टी दिलेली नाही, ती मी नंतर लावून घेतली. नदीचा निळा रंग ओल्या फडक्याने उतरतो, तेव्हा कोरडंच पुसावं.

ऑर्डर अनंत चतुर्दशीनंतरच द्यावी, त्याआधी ते फोनही उचलत नाहीत. न्यायला छोटा हत्ती लागतो, एसटीत मावत नाही. शीख-इंग्रजांच्याच चिलियनवालाच्या लढाईच्या मॉडेलसाठी मी आताच सांगून ठेवलं आहे.