जपानी शब्द: यादीने पाठ करावेत की जोडीने शिकावेत?

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-फाइव्ह या सर्वांत सोप्या पातळीची तयारी सुरू केली की शब्दांसाठी दोन रस्ते समोर येतात. एक कार्डांचा: एका बाजूला जपानी शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, रोज ठरावीक संख्या. दुसऱ्या रस्त्यात जवळच्या अर्थाचे दोन-तीन शब्द एकत्र घ्यायचे आणि प्रत्येकाचं वाक्य करून फरक पक्का करायचा. पहिला भराभर पुढे नेतो, दुसऱ्यात वेळ जातो. तरी बहुतेक मराठी विद्यार्थ्यांनी दुसरा रस्ता लवकर धरावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी परीक्षेचं पाहू. जेएलपीटीच्या २०१० पासून पाच पातळ्या आहेत (एन-फाइव्ह सर्वांत सोपी, एन-वन सर्वांत अवघड), त्याआधी चार होत्या. जुन्या पद्धतीत शब्दांची अधिकृत यादी असे: सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ८००, तिच्या वरच्या पातळीला सुमारे १,५०० शब्द. आता अशी यादी प्रसिद्ध होत नाही. एन-फाइव्हच्या शब्दविभागात कांजीचं (चिनीतून आलेल्या चित्राक्षरांचं) वाचन आणि लेखन, गाळलेली जागा आणि त्याच अर्थाचं दुसरं वाक्य ओळखणं एवढंच असतं. एन-फोरपासून त्यात 'योओहोओ', म्हणजे शब्दाचा वापर, हा प्रकार येतो. एक शब्द आणि चार वाक्यं दिलेली असतात. तो शब्द कोणत्या वाक्यात नीट बसतो ते सांगायचं. कार्डावरचा एकशब्दी अर्थ इथे अपुरा पडतो.

यादीची बाजू भक्कम आहे अशीही जागा आहे. तारखाच घ्या: १ तारीख त्सुइताचि, २ फुत्सुका, ४ योक्का, ८ योओका, २० हात्सुका. आकड्यांतही ३०० साम्ब्याकु, ६०० रोप्प्याकु, ८०० हाप्प्याकु असे उच्चार बदलतात. इथे समजून घेण्यासारखं फार नाही, घोकावंच लागतं. भाज्या, नाती, वार, रंग यांनाही कार्डंच बरी.

क्रियापदं आणि विशेषणं आली की चित्र पालटतं. बाजारातली बहुतेक कार्डं इंग्रजी अर्थाची असतात. ओमोउ आणि कांगाएरु या दोन्हींसमोर 'थिंक' लिहिलेलं दिसतं आणि विद्यार्थी गोंधळतो. मराठीत हा गोंधळ मुळातच नाही. ओमोउ म्हणजे वाटणं, कांगाएरु म्हणजे विचार करणं. तसंच नाराउ म्हणजे कुणाकडून तरी शिकणं, आणि बेंक्योओ सुरु म्हणजे अभ्यास करणं. सामुई म्हणजे हवेतली, अंगाला वाजणारी थंडी. त्सुमेताई म्हणजे हाताला लागणारं थंड, जसं पाणी किंवा बर्फ. 'निहोंगो गा वाकारिमासु' ची घडणसुद्धा 'मला जपानी कळतं' सारखीच आहे: कळणारी गोष्ट कर्त्याच्या जागी. अशा जोड्यांवर इंग्रजीतून तास घालवू नका, मराठीतून लगेच सुटतात.

खरा वेळ द्यायचा तो जिथे मराठी दोन गोष्टी एकाच शब्दात सांगते तिथे. आपलं 'आहे' जपानीत तीन ठिकाणी विभागलं जातं. ती शिक्षिका आहे: देसु. टेबलावर पुस्तक आहे: आरु. अंगणात मांजर आहे: इरु. माणूस आणि प्राणी इरुमध्ये, वस्तू आणि झाडं आरुमध्ये. 'घालणं'ही असंच फुटतं: शर्ट, कोट, किमोनो किरु, पँट, मोजे, बूट हाकु, टोपी काबुरु, चष्मा काकेरु. आणि साध्या 'पाणी'चेही दोन भाग: थंड किंवा नेहमीचं ते मिझु, गरम ते ओयु. 'आत्सुई मिझु' (गरम मिझु) म्हटलं तर ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं.

सर्वांत चिवट त्रिकूट म्हणजे आगेरु, कुरेरु, मोराउ. मी मित्राला पुस्तक दिलं: आगेमाशिता. मित्राने मला दिलं: कुरेमाशिता. मराठीत दोन्हीकडे 'दिलं', जपानीत मात्र वस्तू माझ्याकडून गेली की माझ्याकडे आली यावर क्रियापद ठरतं. मोराउमध्ये घेणारा कर्ता होतो: वाताशि वा तोमोदाचि नि होन ओ मोराइमाशिता, म्हणजे मला मित्राकडून पुस्तक मिळालं. पुढे 'कुणी माझ्यासाठी काही केलं' हे सांगायला हीच क्रियापदं दुसऱ्या क्रियापदांना जोडली जातात, म्हणून इथली कच्ची समज एन-थ्रीपर्यंत त्रास देते.

काही ठिकाणी मराठीची सवय सरळ चुकीकडे नेते. कुणी हाक मारली की आपण 'आलो, आलो' म्हणतो. जपानीत 'इमा इकिमासु', म्हणजे शब्दशः 'आत्ता जातो'. बोलणाऱ्यापासून दूर जाणं ते इकु, त्याच्याकडे येणं ते कुरु. समोरच्याच्या जागेवरून आपण बोलतो तसं इथे चालत नाही. दुसरं उदाहरण: सुट्टीत काय करणार असं विचारलं तर आपण सहज 'अजून माहीत नाही' म्हणतो. तिथे 'शिरिमासेन' (माहीत नाही) चुकतं, 'मादा वाकारिमासेन' (अजून कळत नाही) म्हणावं लागतं. स्वतःच्या बेताबद्दल शिरिमासेन म्हटलं तर तुटक, 'मला काय त्याचं' असं ऐकू येतं. जपानमध्ये नोकरीला जाणाऱ्याने हा फरक पहिल्या महिन्यातच शिकून घ्यावा.

तेव्हा निवड अशी करा. परीक्षा महिन्याभरावर असेल आणि फक्त एन-फाइव्ह द्यायची असेल, तर यादी धरा. त्यात बोलण्याची परीक्षा नाही, तेवढ्यावर निभेल. एन-फोर, कामासाठी जपान किंवा जपानी सहकाऱ्यांशी रोज बोलणं, यांपैकी काहीही पुढे असेल तर पहिल्यापासून जोड्या धरा आणि यादी फक्त नामं, तारखा, आकडे यांपुरती ठेवा. कार्डं सोडायचीही गरज नाही. पुढच्या बाजूला शब्दाऐवजी गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा, मागे बरोबर क्रियापद आणि त्याचा मराठी अर्थ. 'तोमोदाचि गा वाताशि नि होन ओ ___' (मित्राने मला पुस्तक ___) असं कार्ड समोर आलं की आगेरु की कुरेरु हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.